पराभूत मालकांसाठी हितोपदेश

महोदय, आपण युद्ध हरला आहात. शेताचे कुंपण शत्रूच्या शिपायांनी सरपणाला वापरले आहे, आणि कालपर्यंत जी मालमत्ता आपल्या वहीत खेचरांच्या शेजारी मांडलेली होती, ती आज स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर चालत गेली आहे. अशा वेळी माणूस खचतो, हे आम्ही जाणतो. परंतु आपण खचू नये. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि योग्य निगा राखल्यास त्याच पिळावर नवा सुंभ वळता येतो, हे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडील राज्यांकडून हरलेल्या, दक्षिणेतील मिसिसिपी राज्याने सप्रमाण सिद्ध करून ठेवले आहे. 1860 च्या शिरगणतीत या राज्यात 7,91,305 माणसे होती आणि त्यांपैकी 4,36,631 गुलाम होती. शंभरातली पंचावन्न माणसे उरलेल्या पंचेचाळीसांतल्या काहींची मालमत्ता असताना जे राज्य सावरले, त्याचा कित्ता आपण डोळे मिटून गिरवावा.

प्रथम एक चूक टाळावी. ती म्हणजे खरे बोलणे, आणि तेही लेखी. 9 जानेवारी 1861 रोजी संघराज्यातून बाहेर पडताना मिसिसिपीच्या पुढाऱ्यांनी कारणांचे एक जाहीर निवेदन काढले आणि त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे स्वच्छ लिहून टाकले. नंतर वंशजांना हा कागद फार जड गेला. पुढे 1881 मध्ये याच राज्यातील एक मळेवाले, म्हणजे बंडखोर राज्यांच्या संघाचे माजी अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस, यांनी दोन जाडजूड खंड लिहून गुलामगिरी हे युद्धाचे कारण नव्हतेच, ती केवळ एक प्रासंगिक बाब होती, असे जगाला समजावले. आपण हे खंड आधीच लिहून ठेवावेत आणि निवेदन काढूच नये.

युद्ध कोणी लढायचे हा प्रश्न मात्र मिसिसिपीला पडला नाही. ऑक्टोबर 1862 च्या कायद्याने वीस गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला सक्तीच्या लष्करभरतीतून सूट मिळाली, कारण वीस गुलामांवर लक्ष ठेवणे हीसुद्धा देशसेवाच होय. ज्यांच्या घरी एकही गुलाम नव्हता त्यांनी इतरांच्या गुलामांसाठी आघाडीवर जायचे, एवढी साधी वाटणी होती. ती न कळलेले काही हटवादी लोक निघतातच. जोन्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, न्यूटन नाइट नावाच्या शेतकऱ्याने सैन्यातून पळालेल्यांची टोळी जमवून आपल्याच सरकारशी झुंज मांडली. उलट बाजूला, मिसिसिपीतल्या सुमारे सतरा हजार कृष्णवर्णीय पुरुषांनी उत्तरेचा गणवेश चढवला. 4 जुलै 1863 रोजी मिसिसिपी नदीवरचे तटबंदीचे शहर व्हिक्सबर्ग उत्तरेच्या हाती पडले. पुढचे आपणास ठाऊकच आहे.

आता खऱ्या कामाकडे वळू. शत्रूने गुलामगिरी रद्द केली असेल, तर आपण नम्रपणे मान तुकवावी आणि विधानसभेची बैठक बोलवावी. नोव्हेंबर 1865 मध्ये मिसिसिपीने जो मुख्य कायदा केला त्याचे नाव मुक्त झालेल्यांना नागरी हक्क बहाल करण्यासाठी ‘व इतर कारणांसाठी’ अधिनियम असे होते. नवशिक्याने या नावापुढे हात जोडावेत. कारण हक्क होते तेही खरे: लग्न लावावे, फिर्याद करावी, चीजवस्तू घ्यावी. इतर कारणांत मात्र असे होते की गावठाणाबाहेर जमीन भाड्याने घेता येणार नाही. म्हणजे ज्याला फक्त शेती येते त्याने शेत सोडून कुठेही राहावे. दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी प्रत्येकाजवळ कामधंद्याचा लेखी पुरावा हवा. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो, तसा हा सोमवार; फरक इतकाच की तिथे साल अर्ध्यावर सोडल्यास आजवर कमावलेली सगळी मजुरी बुडे, आणि सोडून जाणाऱ्याला कोणीही धरून परत आणावे व त्याबद्दल 5 डॉलर आणि मैलामागे 10 सेंट घ्यावेत, ही रक्कमही त्याच्याच मजुरीतून कापावी, अशी सोय होती.

ज्याच्याजवळ काम नाही तो उनाड ठरे. उनाडपणाचा दंड 50 डॉलरपर्यंत. हा दंड पाच दिवसांत भरला नाही, तर जो कोणी तो भरील त्याच्याकडे उनाडाने राबावे. आईबापांना पोसता येत नाहीत अशी मुले न्यायालयाने शिकाऊ म्हणून बांधून द्यावीत, आणि योग्य माणूस असल्यास पहिला मान त्यांच्या जुन्या मालकाचा. एवढ्या तपशिलाने माया करणारा कायदा विरळाच. शिवाय 1866 साली राज्याच्या महसुलाचा सुमारे पाचवा हिस्सा लढाईत पाय गमावलेल्या सैनिकांच्या कृत्रिम अवयवांवर खर्च झाला, हेही विसरू नये. एका कायद्याने बिनपायांच्याला पाय दिले आणि दुसऱ्याने पायवाल्याला चालू दिले नाही; समतोल राखणे म्हणतात ते हेच.

यात एक दोष राहिला. कायद्यात ‘मुक्त झालेला’ हा शब्द जागोजागी आला, आणि वॉशिंग्टनमधील लोक इतके आंधळे नव्हते. 1867 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दक्षिणेत लष्करी अंमल बसवला, कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळाले आणि आपल्यासारख्यांचे दुर्दिन सुरू झाले. फेब्रुवारी 1870 मध्ये हायरम रेव्हेल्स हे मिसिसिपीचे प्रतिनिधी म्हणून सीनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, बसले. त्या सभागृहातले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य. गुलाम म्हणून जन्मलेले जॉन रॉय लिंच पंचविशीच्या आतबाहेर असतानाच 1872 मध्ये राज्याच्या विधानसभेचे सभापती झाले. सर्वांत वाईट म्हणजे सरकारी खर्चाने शाळा निघाल्या आणि त्या पोरांनी भरल्या. असल्या गोष्टींचा वेळीच बंदोबस्त केला नाही तर बोभाटा किती दूर जातो, हे आम्ही सांगायला नको: 1873 मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपला गुलामगिरीवरचा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या सदाचारी लोकांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा अशी आशाही वर लिहून ठेवली. कापूस पिकवणाऱ्या राज्याचा हा विकार सातासमुद्रापार पसरणे मालकवर्गाला परवडणारे नाही.

बंदोबस्त 1875 मध्ये झाला. सप्टेंबरात क्लिंटन गावी रिपब्लिकन पक्षाच्या, म्हणजे गुलाम मुक्त करणाऱ्यांच्या पक्षाच्या, सभेत गोळीबार झाला आणि पुढचे काही दिवस आसपासच्या कृष्णवर्णीयांना हुडकून ठार मारण्यात आले. गव्हर्नर अॅडेल्बर्ट एम्स यांनी वॉशिंग्टनकडे फौज मागितली. तिकडून उत्तर आले की दक्षिणेतल्या या दरवर्षीच्या शरद ऋतूतल्या दंगलींना जनता कंटाळली आहे. कंटाळा हा आपला सर्वांत विश्वासू मित्र आहे, महोदय. शत्रूची तत्त्वे हलत नाहीत, तोफा हलत नाहीत, पण त्याला दहा वर्षे थांबवून धरले की त्याला जांभई येते. नोव्हेंबरात मतदान झाले तेव्हा कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या याझू काउंटीत रिपब्लिकन पक्षाला सात मते पडली. ही सात माणसे कोण होती आणि त्यांना इतके धैर्य कुठून आले, याची आपण चौकशी करावी. एम्स पुढच्या वर्षी महाभियोगाच्या धाकाने राजीनामा देऊन गेले.

सत्ता हाती आली की डुकरांकडे लक्ष द्यावे. 1876 च्या कायद्याने कोणतेही जनावर चोरणे हा मोठा गुन्हा ठरला आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा लागली. डुकराचे मोल कितीही असो. तुरुंग भरले, आणि भरलेले तुरुंग राज्याने मळेवाल्यांना व रेल्वेच्या कंत्राटदारांना भाड्याने दिले. मराठीत याला वेठबिगार म्हणतात, पण आपण हा शब्द वापरू नये. गुलाम विकत घ्यायला पूर्वी भांडवल लागे, तो मेला तर ते बुडे. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळतो. उरलेल्यांना अर्धेलीने जमीन द्यावी, बी-बियाणे व पीठमीठ उधारीने द्यावे, आणि चोपडी मात्र स्वतःजवळ ठेवावी. हंगामाअखेरीस तिच्यात काय निघाले हे वाचायला त्याला आपण शिकवलेलेच नसते.

1890 ची राज्यघटना ही या विद्येतील शिखर होय. तिच्या मताधिकाराच्या कलमांत रंगाचा उल्लेख कुठेही नाही. मतदाराने दोन डॉलरचा डोईपट्टी कर भरलेला असावा, घटनेचे कोणतेही कलम वाचावे किंवा ऐकून त्याचा समाधानकारक अर्थ सांगावा, एवढेच. समाधान कोणाचे, हे नोंदणी करणारा कारकून ठरवी. चोरी, जाळपोळ, द्विभार्या प्रतिबंधाचा भंग अशा गुन्ह्यांनी मताचा हक्क जाई, मात्र खुनाने जात नसे, कारण कोणता वर्ग कोणते गुन्हे करतो याविषयी रचनाकारांची काही मते होती. खुनाची भर 1968 मध्ये पडली. 1890 ची घटना रचणाऱ्या सभेत कृष्णवर्णीय सदस्य एकच होते, आयझेया माँटगोमेरी, आणि त्यांनीही या कलमांच्या बाजूने भाषण केले. असा एक तरी सदस्य आपण जरूर शोधावा. घटना लोकांच्या मताला टाकू नये, मिसिसिपीनेही टाकली नाही. 1898 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तपासली आणि तिच्या शब्दांत काही वावगे सापडले नाही.

राहता राहिली ती गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती. मिसिसिपीने ती डिसेंबर 1865 मध्ये फेटाळली होती. इतर राज्यांच्या बळावर ती देशभर लागू झाली, पण मिसिसिपीची संमती 1995 मध्ये मिळाली, आणि संमतीचा तो कागद वॉशिंग्टनच्या दफ्तरखान्यात धाडायचे राहूनच गेले. 2013 मध्ये कोणाच्या तरी लक्षात आले, तेव्हा तो पोचता झाला. आपणही सही खुशाल करावी. लखोटा मात्र टेबलाच्या खणात ठेवावा.