“डेटाफ्लोमध्ये खरा लूप नसतो”: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

ध्वनीसाठीच्या दृश्य प्रोग्रॅमिंगविषयी, म्हणजे ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या चौकटी तारांनी जोडून ‘पॅच’ बनवणाऱ्या प्युअर डेटा, मॅक्स आणि त्यांच्या जातकुळीतील साधनांविषयी, नवशिक्यांना एक दावा हमखास ऐकवला जातो. त्याचा आशय असा: या भाषांमध्ये खरा लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणारी रचना) नसतो, पुनरावृत्ती हवी असेल तर ‘मेट्रो’, म्हणजे ठरावीक अंतराने ठोके देणारा ऑब्जेक्ट, लावावा लागतो, तार मागे वळवून जोडली की पॅच कोलमडतो, ध्वनीच्या तारेचे वर्तुळ तर करताच येत नाही, आणि हा सगळा दोष डेटाफ्लो पद्धतीतच (जिथे तारांमधून वाहणारी माहितीच पुढचे काम घडवते) अंगभूत असल्यामुळे गंभीर कामासाठी मजकुरात लिहिल्या जाणाऱ्या भाषेकडेच वळावे. या प्रत्येक विधानामागे कोणाचा ना कोणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण त्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याने होणारे नुकसान खरे आहे, कारण लूपची प्रत्येक फेरी कोणत्या वेळेत घडते हा जो प्रश्न शिकणाऱ्याने आधी विचारायला हवा, तो या दाव्यामुळे त्याच्या मनातच येत नाही. म्हणून एकेक विधान घेऊ.

“खरा लूप नसतो.” प्युअर डेटामध्ये ‘अन्टिल’ नावाचा ऑब्जेक्ट आहे, मॅक्समध्ये त्याच कामासाठी ‘उझी’ आहे. ‘अन्टिल’च्या डाव्या इनलेटला (तार आत येण्याच्या जागेला) बँग, म्हणजे ‘काम कर’ असा मेसेज, दिला की तो लागोपाठ बँग सोडत राहतो आणि उजव्या इनलेटला बँग मिळाला की थांबतो; डाव्या इनलेटला आकडा दिला तर तेवढ्या फेऱ्या पूर्ण करून आपोआप थांबतो. अट पूर्ण होईपर्यंत चालणारा लूप आणि ठरावीक फेऱ्यांचा लूप हे मजकूरभाषांतील दोन्ही प्रकार एवढ्यातच आले. समजा, ४४,१०० बिंदूंचा, म्हणजे तेवढ्या आकड्यांची रांग असलेला, अ‍ॅरे एखाद्या सूत्राने भरायचा आहे. ‘अन्टिल’ला ४४१०० हा आकडा द्यावा, त्याच्या प्रत्येक बँगने एक काउंटर पुढे सरकवावा, काउंटरच्या आकड्यावरून सूत्राची किंमत काढावी आणि ती ‘टॅबराइट’ने अ‍ॅरेत त्या जागी लिहावी. काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. थांबण्याची अट विसरली तर प्युअर डेटा गोठून बसते, अगदी तशीच जशी कोणतीही मजकूरभाषा अनंत लूपमध्ये अडकते. लूप खरा असल्याची याहून स्पष्ट खूण दुसरी नाही.

“पुनरावृत्तीसाठी मेट्रोच लावावा लागतो.” या विधानात दोन वेगळ्या वेळांची सरमिसळ आहे. प्युअर डेटा आपला काळ स्वतः मोजते. ध्वनी ६४ सॅम्पलच्या (ध्वनीच्या क्षणोक्षणीच्या किमतींच्या) ब्लॉकमध्ये मोजला जातो, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतील तर एक ब्लॉक सुमारे १.४५ मिलिसेकंदांचा होतो, आणि दोन ब्लॉकच्या मधल्या फटीत मेसेज हाताळले जातात. ‘अन्टिल’च्या सगळ्या फेऱ्या अशा एकाच फटीत उरकतात, म्हणून पॅचच्या घड्याळानुसार त्यांना शून्य वेळ लागतो. ‘मेट्रो’ मात्र प्रत्येक फेरीला घड्याळ पुढे सरकू देतो. वर सांगितलेला अ‍ॅरे एक मिलिसेकंदाच्या ‘मेट्रो’ने भरायला घेतला तर ४४ सेकंदांहून अधिक वेळ लागेल. कोणी अंतर कमी करून हा वेळ घटवेल, पण तेव्हाही हिशेबाचे काम घड्याळाला बांधलेलेच राहील. जे काम काळात पसरायला हवे, उदाहरणार्थ सूर एकामागोमाग वाजवणे, त्यासाठी ‘मेट्रो’. जे काम एका क्षणात पुरे व्हायला हवे, उदाहरणार्थ अ‍ॅरे भरणे किंवा यादीतील सर्वांत मोठा आकडा शोधणे, त्यासाठी ‘अन्टिल’. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवले की त्रास होणारच.

उलट्या दिशेने झालेली चूकही तितकीच सर्रास दिसते. कोणी ‘अन्टिल’ने हजार वारंवारता काढून एकाच ‘ऑस्क~’ला, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरला, देतो आणि हजार स्वर ऐकू येतील अशी अपेक्षा करतो. ऐकू येतो एकच, कारण ‘ऑस्क~’ आपला इनलेट पाहतो तो पुढचा ब्लॉक मोजताना, आणि तोवर तिथे शेवटचीच किंमत उरलेली असते. हजार स्वर हवे असतील तर ऑसिलेटरच्या प्रती वाढवाव्या लागतात. त्यासाठी प्युअर डेटामध्ये २०१६ पासून ‘क्लोन’ आहे आणि मॅक्समध्ये ‘पॉली~’. तसेच शून्य वेळ हा घड्याळाचा हिशेब असतो, प्रोसेसरचा नव्हे: ‘अन्टिल’च्या फेऱ्या इतक्या वाढल्या की ध्वनीचा पुढचा ब्लॉक वेळेवर तयार होत नाही आणि साठवलेला बफरही संपतो, तेव्हा आवाजात खंड पडतो. अशा वेळी मोठे काम तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यापुरता ‘अन्टिल’ आणि तुकड्यांमध्ये ‘डिले’ (मेसेज ठरावीक वेळ थांबवणारा ऑब्जेक्ट) अशी रचना करावी.

याच विधानाचा एक उपप्रकार म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा पुन्हापुन्हा वाजवण्यासाठीही ‘मेट्रो’ लावून दर वेळी ‘टॅबप्ले~’ हा साठवलेला ध्वनी वाजवणारा ऑब्जेक्ट सुरू करण्याची सवय. दोन सेकंदांचा, म्हणजे ८८,२०० सॅम्पलचा तुकडा घ्या. ‘टॅबप्ले~’ ब्लॉकच्या सीमेवरच सुरू होतो, आणि ८८,२०० ला ६४ ने भागले तर १३७८.१२५ येतात. परिणामी बहुतेक फेऱ्या १३७८ ब्लॉकच्या होतात आणि तुकड्याचे शेवटचे ८ सॅम्पल कापले जातात. दर आठवी फेरी १३७९ ब्लॉकची होते आणि तिच्या शेवटी ५६ सॅम्पलची शांतता येते. कानाला हे टक्क आवाजासारखे किंवा लयीतील सूक्ष्म डळमळीसारखे जाणवते, आणि मग दोष भाषेला दिला जातो. वास्तविक या कामासाठी मेसेजची गरजच नाही. ‘फेझर~’ला ०.५ हर्ट्झ वारंवारता द्यावी, त्याच्या शून्य ते एक या चढत्या रेषेला ८८,२०० ने गुणावे आणि त्या क्रमांकाने ‘टॅबरीड४~’मधून अ‍ॅरे वाचावा. रेषा सॅम्पलच्या पातळीवर चढते आणि त्याच पातळीवर शून्याकडे परतते, त्यामुळे लूप ब्लॉकच्या सीमांना बांधलेला राहत नाही. तुकड्याची सुरुवात आणि शेवट एकमेकांशी जुळत नसतील तर सांध्यावर टक्क आवाज येईलच. तो त्याच रेषेपासून काढलेल्या विंडोने (दोन्ही टोकांना आवाज शून्यावर आणणाऱ्या वक्राने) मिटवता येतो.

“तार मागे जोडली की पॅच कोलमडतो.” प्युअर डेटामधील अगदी प्राथमिक रचना याला खोटे ठरवते. काउंटर बनवण्यासाठी ‘एफ’ या आकडा साठवणाऱ्या ऑब्जेक्टची तार ‘+ १’ला जोडतात आणि ‘+ १’ची तार परत ‘एफ’च्या उजव्या इनलेटला. चित्रात हे सरळसरळ वर्तुळ आहे, तरी काहीही कोलमडत नाही, कारण उजवा इनलेट थंड आहे: आलेली किंमत तो साठवून ठेवतो, ऑब्जेक्टला कामाला लावत नाही. वर्तुळ तिथेच थांबते आणि पुढच्या बँगची वाट पाहते. तीच तार डाव्या, म्हणजे गरम इनलेटला जोडली तर मात्र गोष्ट पूर्ण बदलते. मेसेज पाठवणारा ऑब्जेक्ट त्याच्या खालची सगळी साखळी पूर्ण झाल्याशिवाय मोकळा होत नाही. साखळी पुन्हा त्याच्याकडेच आली तर ही वाट पाहणे एकावर एक रचले जाते आणि एका मर्यादेनंतर प्युअर डेटा ती साखळी तोडून स्टॅक ओव्हरफ्लोची (अपुऱ्या कामांचा ढीग मर्यादेबाहेर गेल्याची) सूचना देते. मजकूरभाषेत स्वतःलाच विनाअट बोलावणाऱ्या फंक्शनची गत हीच होते. त्या वर्तुळात ‘मोझेस’ किंवा ‘सिलेक्ट’ची अट घातली तर ते मर्यादित फेऱ्यांत संपते, पण फेऱ्या शेकड्यांनी असतील तर ‘अन्टिल’च वापरावा, कारण त्याच्या प्रत्येक फेरीत साखळी पूर्ण होऊन स्टॅक मोकळा होतो. आणि वर्तुळात ‘डिले’ घातला, समजा दहा मिलिसेकंदांचा, तर तेच वर्तुळ तासन्‌तास विनातक्रार चालते: ‘डिले’ मेसेज घड्याळाच्या हवाली करतो, सध्याची साखळी तिथे संपते आणि पुढची फेरी नव्याने सुरू होते.

या ठिकाणी असेही सांगितले जाते की लूपमधील कामांचा क्रम पॅचमध्ये ठरवता येत नाही. एका आउटलेटमधून निघालेल्या अनेक तारांच्या बाबतीत हे अर्धसत्य आहे: मॅक्समध्ये क्रम ऑब्जेक्टच्या पडद्यावरील जागेवर ठरतो, प्युअर डेटामध्ये तारा कोणत्या क्रमाने जोडल्या त्यावर, आणि तो तर चित्रात दिसतही नाही. ‘ट्रिगर’ हा ऑब्जेक्ट नेमक्या याच कारणासाठी आहे. तो उजवीकडून डावीकडे, एकेक आउटलेट, निश्चित क्रमाने मेसेज सोडतो. लूपच्या आत जिथे एका तारेला दोन फाटे फुटतात तिथे ‘ट्रिगर’ नसेल तर तो पॅच अपुरा आहे असे मी मानतो, मग तो आज कितीही नीट चालत असो.

“ध्वनीच्या तारेचे वर्तुळ करता येत नाही.” चारही तांत्रिक विधानांपैकी याच्यात तथ्य सर्वाधिक आहे, म्हणून इथे थोडे थांबू. सिग्नलच्या तारांनी वर्तुळ केले तर प्युअर डेटा डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) लूप सापडल्याची सूचना देते आणि त्या वर्तुळातील ऑब्जेक्ट चालवत नाही. कारण सरळ आहे. ध्वनी सुरू करताना सगळ्या ऑब्जेक्टची एक रांग लावली जाते, जिच्यात प्रत्येकाला लागणारे सिग्नल त्याच्याआधी तयार झालेले असतात. वर्तुळात अशी रांग लागूच शकत नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागे असायला हवा. पण याचा अर्थ फीडबॅक, म्हणजे आउटपुट परत इनपुटला देणे, अशक्य आहे असा नाही. वर्तुळात कुठेतरी विलंब उघडपणे मांडावा लागतो, एवढाच आहे. ‘डेलराइट~’ आणि ‘डेलरीड~’, किंवा ‘सेंड~’ आणि ‘रिसीव्ह~’ या जोड्यांमध्ये तार नसते, त्यामुळे रांग लागते आणि सिग्नल मागच्या ब्लॉकमधून येतो. एको, रिव्हर्ब, फ्लँजर हे सगळे परिणाम पॅचमध्ये रोज याच मार्गाने केले जातात.

अडचण येते ती विलंब एका ब्लॉकपेक्षा कमी हवा असतो तेव्हा. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्प्लस-स्ट्राँग पद्धतीत छेडलेल्या तारेचा आवाज एका विलंबाच्या वर्तुळातून निघतो आणि वर्तुळाची लांबी स्वराची उंची ठरवते. ६४ सॅम्पलपेक्षा लहान वर्तुळ करता येत नसेल तर ४४,१०० भागिले ६४, म्हणजे सुमारे ६८९ हर्ट्झच्या वर स्वर जाऊच शकत नाही. मधल्या सप्तकात गोड वाजणारी तार वर गेल्यावर एकाच स्वरावर अडकते, आणि “प्युअर डेटामध्ये फीडबॅक जमत नाही” ही ठाम समजूत इथूनच रुजते. उपाय मात्र भाषेतच आहे. ते वर्तुळ एका सबपॅचमध्ये ठेवून तिथे ‘ब्लॉक~ १’ लिहिले की त्या सबपॅचपुरता ब्लॉक एका सॅम्पलचा होतो आणि विलंबाची किमान मर्यादाही एका सॅम्पलवर येते. त्याची किंमत प्रोसेसर मोजतो: सबपॅचमधील प्रत्येक ऑब्जेक्ट सेकंदाला ६८९ वेळा चालायचा, तो आता ४४,१०० वेळा चालतो. म्हणून सबपॅचमध्ये वर्तुळाला लागणारे तेवढेच ऑब्जेक्ट असावेत, बाकी सारे बाहेर. साध्या फिल्टरपुरते वर्तुळ असेल तर ‘आरपोल~’ किंवा आधीच्या आउटपुट सॅम्पलला सूत्रात स्थान देणारा ‘एफएक्स्प्र~’ पुरतो, आणि मॅक्समध्ये ‘जेन~’च्या आत ‘हिस्टरी’ हा ऑब्जेक्ट हेच एका सॅम्पलचे अंतर पुरवतो.

“हा डेटाफ्लोचाच अंगभूत दोष आहे.” डेटाफ्लोचा सिद्धान्त वर्तुळांना कधीच नाकारत नाही. एडवर्ड ली आणि डेव्हिड मेसरश्मिट यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या समकालिक डेटाफ्लोच्या प्रारूपात वर्तुळाला पूर्ण मुभा आहे. अट इतकीच की वर्तुळातील तारांवर पुरेसा विलंब, म्हणजे सुरुवातीला ठेवलेली माहिती, हवी, नाही तर सगळे एकमेकांची वाट पाहत अडून बसतील. डीएसपी लूपची सूचना हीच अट सांगते. ध्वनीबाहेर पाहायचे तर १९८६ मध्ये आलेल्या लॅबव्ह्यू या दृश्य डेटाफ्लो भाषेत ‘फॉर’ आणि ‘व्हाइल’ लूप चौकटीच्या रूपाने काढले जातात आणि एका फेरीतील किंमत पुढच्या फेरीत नेण्यासाठी चौकटीच्या कडेला शिफ्ट रजिस्टर असते.

शिवाय मजकूरभाषेत गेल्याने ही अट टळत नाही. सी भाषेत फिल्टर लिहिताना नवे आउटपुट काढण्यासाठी त्याच व्हेरिएबलमधील जुनी किंमत वापरली जाते. ती जुनी किंमत म्हणजेच एका सॅम्पलचा विलंब, फक्त तो बरोबरच्या चिन्हाआड दडलेला असतो. ध्वनीसाठीच बनवलेल्या फाउस्ट या मजकूरभाषेत पुनरावर्ती जोडणी केली की एका सॅम्पलचा विलंब व्याख्येनुसारच मिळतो. पॅच तोच विलंब ऑब्जेक्टच्या रूपाने समोर मांडायला लावतो, आणि ध्वनीचे काम शिकणाऱ्यासाठी मला हे या पद्धतीचे बलस्थान वाटते.

मजकुराची बाजू जिथे खरोखर वरचढ आहे ती जागा वेगळी आहे. लूपच्या आत लूप, त्याच्या आत तीन-चार अटी आणि मधूनच बाहेर पडण्याची वाट, असे काम पॅचमध्ये होते, पण वाचणाऱ्याला तारांच्या जाळ्यातून त्याचा माग काढणे जड जाते. तिथे मॅक्समध्ये जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट किंवा प्युअर डेटामध्ये लुआचा विस्तार वापरून तेवढाच भाग मजकुरात लिहावा, त्याचे इनलेट आणि आउटलेट नेहमीच्या तारांना जोडावेत, आणि वेळेशी बांधलेली बाकीची पुनरावृत्ती पॅचमध्येच राहू द्यावी.