बुडालेले गाव पुन्हा कसे बुडवावे

विकिपीडियावर कोणीतरी एका नामशेष गावाचे पान केले आहे आणि ते ठेवायचे की काढायचे यावर तुमचे मत मागितले आहे. घाबरू नका. त्यासाठी गावात जावे लागत नाही की ग्रंथालयाची पायरी चढावी लागत नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याचेच काम आहे, फक्त उंट चांगला उंच बघून घ्या.

सरावासाठी गोव्यातल्या सांगे तालुक्यातले कुर्डी घेऊ. साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात हे गाव उठवले आणि लोक वाडे, वालकिणी इथल्या वसाहतींत गेले. तेव्हा 'पानकाढा' साचा (पान काढावे असे सुचवणारी तयार पाटी) लावून पहिले वाक्य टाका: 'आता तिथे कोणीच राहत नाही.' वाक्य ऐकायला बिनतोड आहे. कोणी इंग्रजी आवृत्तीतला भौगोलिक निकष आणून दाखवील, की कायद्याने मान्य असलेले वस्तीचे ठिकाण ओस पडले तरी साधारणतः उल्लेखनीय, म्हणजे स्वतंत्र पानाच्या लायकीचे, धरतात आणि एकदा मिळालेली उल्लेखनीयता पुढे ओसरत नाही. दाखवू द्या. निकष वाचून मत देणारे चर्चेत नेहमीच अल्पमतात असतात.

मग गूगल. रोमी लिपीत गावाचे नाव 'के'ने लिहून शोधा. पोर्तुगीज अमदानीतले कागद 'सी'ने लिहिलेले असल्यामुळे ते आपोआप बाजूला पडतात. नावाच्या शेवटी जुन्या लेखनात 'एम' दिसला तर तो नाकातला उच्चार आहे हे विसरा. धरणासाठीच गेलेल्या सत्तरीतल्या अंजुण्याचे 'अंजुनेम' करा आणि त्या नावाने देवनागरीत शोधा. काही सापडले नाही, की 'संदर्भ उपलब्ध नाहीत' असे लिहायला मोकळे. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, ते १८३२ सालापासून चालत आले आहे, तिथे जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली आहेत, वगैरे वगैरे. पण ज्याची लिंक देता येत नाही तो संदर्भ कसला? (छापील संदर्भ चालतो, असे नियमात आहे. म्हणून तर नियमाची लिंक देऊ नये.)

उपग्रहचित्र जोडले की वजन येते. इथे एक काळजी घ्या: चित्राची तारीख बघा. जलाशय उन्हाळ्यात उतरतो आणि मे महिन्यात कुर्डी उघडी पडते. भेगाळलेला गाळ, घरांचे चिऱ्यांचे चौथरे, मोडक्या भिंती, वाटेची ओळ, सगळे दिसू लागते. असले चित्र चुकून लागले तर तुमच्या बाजूचे दोघे-तिघे फुटतील. पावसाळा संपल्यावरचे घ्या. त्यात फक्त निळे पाणी असते, आणि पाण्याला लोकसंख्या नसते.

आता गावाच्या बाजूने येणारे पुरावे. यांचा निकाल एकेक करून लावावा लागतो, कारण एकत्र बघितले तर पान टिकते.

एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, कोणी आणला, तर त्यावर गाव, तालुका, सर्व्हे क्रमांक, पोटहिस्सा, कब्जेदार, कूळ अशी सगळी जंत्री असेल. म्हणा, हे प्राथमिक साधन, यावरून मजकूर लिहिणे म्हणजे मूळ संशोधन, आणि ते विकिपीडियावर चालत नाही. तोच माणूस सांगेल, की उतारा मजकुरासाठी नाही, गाव महसुली होते एवढे दाखवण्यासाठी आणला आहे. जनगणनेच्या यादीतही शून्य लोकवस्तीची गावे आपापल्या सांकेतांकासह असतात, असेही तो वर सुनावील. त्यावर 'शून्य' हा एकच शब्द उचला आणि ठळक अक्षरात परत चिकटवा.

कदंबकालीन महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने दगडन् दगड सोडवून धरणाच्या खालच्या अंगाला नेऊन पुन्हा उभारले. हा मुद्दा अवघड वाटतो, पण सोपा आहे. जुन्या जागी देऊळ नाही, नव्या जागी गाव नाही. दोन्हीकडून शून्य. राहता राहिल्या मोगूबाई कुर्डीकर. त्यांचा जन्म इथला, १९०४ चा. उल्लेखनीयता वारशाने मिळत नाही असा एक दंडक आहे. तो गानतपस्विनीविरुद्ध वापरायची संधी रोज येत नाही, दवडू नका.

हे सगळे हुकले तर विलीनीकरण सुचवा. तो सभ्य मार्ग आहे. कुर्डीचे पान साळावली धरणाच्या पानाकडे पुनर्निर्देशित करायचे, आणि तिथे बदकचोचीच्या आकाराच्या सांडव्याच्या वर्णनाखाली 'यात काही गावे गेली' अशी ओळ ठेवायची. ज्या धरणात गाव बुडाले त्याच्याच लेखात ते पुन्हा बुडते, आणि कोणाला 'काढा' म्हणावे लागत नाही.

तुम्ही 'ठेवा' पक्षाचे असाल तर तुमचे काम आणखी सोपे. परशुरामाने बाण मारला तिथून सुरुवात करा. 'निसर्गरम्य' तीनदा, 'पुरातन' चारदा. स्थळांच्या परदेशी नावसूचीत एखादे टिंब दिसले, की ते गाव. ते गाव आहे, गावातला वाडा (वस्तीचा एक भाग) आहे, की नकाशा काढणाऱ्याने ओहोळाचे नाव वस्ती म्हणून टिपले आहे, हे तपासायला १:५०,००० चा नकाशा उघडावा लागतो, म्हणून उघडू नका. वाड्याला गावासारखी आपोआप मान्यता नसते, त्याच्यावर कोणीतरी दोन परिच्छेद लिहिलेले लागतात. पण हे प्रतिपक्षाला माहीत असेलच असे नाही. गोपकपट्टण लिहायला घेतलेत तर गोवा वेल्हा आणि ओल्ड गोवा एकच समजा. पहिले जुवारी नदीकडचे, कदंबांची राजधानी गोपकपट्टण होती ती जागा. दुसरे मांडवीवरचे, पोर्तुगीजांचे. दोन राजधान्या एका पानात बसल्या की लेख भरीव दिसतो.

संदर्भ कमी पडले तर सहलीच्या संकेतस्थळांवर ते मुबलक मिळतात. तिथला मजकूर विकिपीडियावरूनच उचललेला असतो, हे पानाचा इतिहास आणि संकेतस्थळावरची तारीख शेजारी ठेवली तर पाच मिनिटांत कळते. पुष्कळदा तर तारीखही लागत नाही, तुमचीच शुद्धलेखनाची चूक तिथे तुमची वाट बघत असते. चूक दोन्हीकडे सारखीच आहे, म्हणजे दोन साधनांत एकवाक्यता आहे असे नमूद करा.

शेवटी मुहूर्त. इंग्रजी आवृत्तीत अशा चर्चेला सहसा ७ दिवस मिळतात. पान काढायचेच असेल तर चर्चा गणेश चवथीच्या आदल्या दिवशी उघडा. अख्खा गोवा माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधण्यात आणि नेवऱ्या (करंज्या) तळण्यात गुंतलेला असतो. विसर्जने उरकून लोक संगणकाशी येईपर्यंत आठवडा सरतो आणि कोणीच विरोध केला नाही म्हणून एकमत होते. मे मात्र टाळा. तेव्हा कुर्डीचे लोक गावातल्या दुसऱ्या, सोमेश्वराच्या देवळाच्या उत्सवाला आणि कपेलच्या (छोट्या चर्चच्या) फेस्ताला गावात उतरलेले असतात, आणि जे गाव तुम्ही नाही म्हणता त्याचे फोटो थेट तिथे उभे राहून चढवतात.