फवारणी, पायलट आणि एकाच कुळातलं विष: एका प्रतिक्रियेला उत्तर

राम राम भाऊ,

विमानातल्या दूषित हवेवरच्या लेखाखाली तुम्ही रागानं लिहिलंत: आपल्याकडे कपाशीवर औषध मारणारा माणूस शेतातच चक्कर येऊन पडतो, त्याचं कोणाला काही नाही, आणि तुम्ही लाखांनी पगार घेणाऱ्या पायलटच्या नाकाची काळजी करता. विमानात हेपा फिल्टर असतो, युरोपच्या तपासणीत हवा चांगली निघाली, मग ही घबराट कशाला?

आधी फिल्टरचं. हेपा फिल्टर केबिनमधून परत फिरवलेल्या हवेसाठी असतो. तो धूळ आणि जंतू अडवतो, तेलाची वाफ अडवत नाही. बहुतेक जेट विमानांत ताजी हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधूनच काढून घेतात आणि थंड करून, न गाळता आत सोडतात. इंजिनातलं सील गळलं की तापलेल्या तेलाची वाफ त्याच वाटेनं आत येते. मळक्या मोज्यांसारखा वास, ही त्याची वैमानिकांना ठाऊक असलेली खूण. बोइंग ७८७ मध्ये केबिनच्या हवेसाठी विजेवर चालणारे वेगळे कॉम्प्रेसर आहेत, म्हणजे दुसरी वाट निघू शकते.

युरोपियन हवाई सुरक्षा संस्थेचा २०१७ चा अहवाल मीही वाचला आहे. केबिनमधली हवा घर-ऑफिसातल्या हवेइतकी किंवा त्याहून चांगली, असंच त्यात आहे. पण ती मोजणी नेहमीच्या, सुरळीत उड्डाणांतली. फवारणी नसलेल्या दिवशी बांधावरची हवा तपासून औषध निर्धोक ठरवलं, तर तुम्हाला पटेल का? डिसेंबर २०१० मध्ये जर्मनीत कोलोनला उतरणाऱ्या एअरबस ३१९ च्या दोन्ही वैमानिकांना कॉकपिटमधल्या विचित्र वासानंतर इतकं बधिरल्यासारखं झालं, की ऑक्सिजन मास्क लावून त्यांनी विमान कसंबसं उतरवलं. वास कशाचा, ते पक्कं ठरलंच नाही. अशा वासामुळे कायमचा आजार होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही, हे मान्य. पण विमान उतरवतानाची ती पाच-दहा मिनिटंच मला पुरेशी भयंकर वाटतात.

आता शेतकऱ्याचं. विमानाच्या इंजिन तेलात झीज रोखायला सुमारे ३ टक्के ट्रायक्रेसिल फॉस्फेट घालतात. ते ऑर्गॅनोफॉस्फेट आहे. आपल्या मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या कीटकनाशकांच्या कुळातलं. दोघांची मात्रा आणि जहालपणा सारखा नाही, शेतकऱ्याच्या अंगावर येतं ते कितीतरी जास्त. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जीव गेले, तेव्हा आधी बोट दाखवलं गेलं ते मास्क न घालणाऱ्या मजुराकडेच. पायलटलाही ‘दमला असशील, पाणी कमी प्यायला असशील’ असं ऐकवलं जातं. या कुळातलं विष रक्तातलं जे एन्झाइम बंद पाडतं, ते कोलिनएस्टरेज लगेच तपासलं तर काहीतरी पुरावा हाती लागतो, पण ते वेळेवर ना इथे होतं, ना तिथे. बहुतेक कॉकपिटमध्ये वाफ मोजणारं यंत्रच नाही. पायलटचं नाक हेच यंत्र. म्हणून मला ही दोन दुःखं एकमेकांविरुद्ध उभी करायची नाहीत.

आणि पायलट म्हणजे कोणी परका नाही. शिरपूर, धुळे, जळगावला आपलीच पोरं उडायला शिकतात. त्यांच्या छोट्या पिस्टन विमानांत हे तेलाचं प्रकरण नाही, पण हीटरची हवा सायलेन्सरभोवतून तापून येते. तिथे तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, आणि त्याला वासच नसतो. त्याचा इशारा देणारं डिटेक्टर स्वस्तात मिळतं. तुमच्या ओळखीतलं कोणी शिकत असेल, तर ते विमानात लावलं आहे का, एवढं त्याला विचारायला सांगा.

फवारणीवर मी लिहिणार आहे. तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषबाधेवरचं औषध, असतं का, रक्त तपासायला कुठे पाठवतात, हे कळवाल का?