नसलेल्या माश्या

2025 च्या 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री पकडून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला आणि 22 ऑगस्टला तो बदलून निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्याची मुभा दिली. याच अकरा दिवसांत, इकडे इंग्लंडमध्ये, आमच्या राणी नावाच्या कुत्रीने पहिल्यांदा हवेतली माशी पकडली. माशी नव्हतीच. तिने मान वर फेकली, जबडा खाड्कन मिटला, काहीतरी गिळल्यासारखे केले आणि पाच-सहा वेळा तेच पुन्हा केले. दोन आठवड्यांनी तिचा मागचा उजवा पाय ताठ झाला, पाठीची कमान झाली आणि अंग थरथरू लागले. हे सारे दोनेक मिनिटे चालले, पण तेवढा वेळ तिची नजर माझ्यावर खिळलेली होती आणि हाक मारली की शेपूट हलत होती.

आईला फोनवर सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “अरे, पिसाळली तर नाही ना? हात लावू नकोस तिला.”

इथल्या डॉक्टरांनी मात्र रेबीजचे नावही काढले नाही. ब्रिटनने कुत्र्यांमधला रेबीज 1922 साली हद्दपार केला आणि राणीचा जन्म इथलाच, त्यामुळे ती शंका त्यांच्या यादीत आलीच नाही. त्याऐवजी त्यांनी बागेत गोगलगायी मारण्याचे औषध टाकले होते का, बुरशी आलेले काही तिच्या पोटात गेले का, घरातल्या माणसांच्या गोळ्या तिच्या तोंडाला लागतील अशा ठेवल्या होत्या का, झटका झोपेत येतो की जागेपणी, खाण्याआधी की खाल्ल्यावर, हे सारे विचारले आणि पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रफीत काढून आणायला सांगितले. वर्णनात माणूस नकळत भर घालतो, चित्रफीत घालत नाही, हे मला तेव्हा कळले. हृदय क्षणभर मंदावून कोसळलेला कुत्रा आणि अपस्माराचा झटका आलेला कुत्रा मालकाच्या तोंडी हुबेहूब सारखे असतात.

मग रक्त, लघवी आणि यकृताच्या तपासण्या झाल्या, त्यानंतर मेंदूविकारतज्ज्ञांकडे भूल देऊन एमआरआय आणि कण्यातल्या द्रवाची तपासणी झाली. सगळे स्वच्छ निघाले. पशुवैद्यकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 2015 मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार सहा महिने ते सहा वर्षे या वयात झटके सुरू झाले, दोन झटक्यांत किमान 24 तासांचे अंतर असले आणि एरवीच्या तपासण्यांत काही सापडले नाही, तर कारण न कळलेला अपस्मार असे निदान करता येते. राणी पाच वर्षांची आहे, म्हणजे वयाच्या चौकटीत बसते. पण ती शुद्ध हरपत नाही, लाळ गाळत नाही, झटक्यानंतर भांबावत नाही, त्यामुळे हा अपस्मार नसून स्नायूंच्या हालचालींचा वेगळाच विकार असावा, अशीही शक्यता तज्ज्ञांनी मांडली. बॉर्डर टेरियर जातीच्या कुत्र्यांत असे झटके गव्हातले ग्लूटेन बंद केल्यावर थांबल्याची उदाहरणे आहेत आणि नसलेल्या माश्या पकडणाऱ्या काही कुत्र्यांत दोष मेंदूत नसून पोटात सापडला आहे. म्हणून आम्ही फिटच्या गोळ्यांआधी तिचे खाणे बदलले. झटके कमी झाले आहेत, थांबलेले नाहीत आणि निदानाच्या रकान्यात आजही ‘कारण अज्ञात’ असेच लिहिलेले आहे.

‘बघा, परदेशात मुक्या जिवांची किती काळजी घेतात’ असे म्हणण्याचा मोह इथे होतो, पण तो खरा नाही. प्राण्यांसाठी इथे सरकारी दवाखान्यांची सोय नाही. विमा नसता तर आमचा शोध रक्ताच्या तपासणीपाशीच थांबला असता आणि आता पुढच्या कुठल्याही विम्यात हा आजार ‘आधीपासूनचा’ म्हणून वगळला जाणार आहे. 2013 मध्ये इथले सुमारे दहा टक्के पशुवैद्यकीय दवाखाने मोठ्या कंपनीसमूहांच्या हाती होते, ते प्रमाण पुढे साठ टक्क्यांच्या आसपास गेले आणि स्पर्धा आयोगाला मे 2024 मध्ये या बाजाराची रीतसर चौकशी हाती घ्यावी लागली. खर्च झेपत नाही म्हणून कुत्र्याला कायमचे झोपवण्याचा निर्णय इथे शांतपणे, सभ्य शब्दांत घेतला जातो. त्यावर कोणी मोर्चा काढत नाही, एवढाच फरक.

आईची भीतीही चुकीची नव्हती. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी 36 टक्के भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिथे तोल जाऊन चालणारे कुत्रे दिसले की मुलांना आधी घरात घ्यावे लागते, तिथे गोगलगायीच्या औषधाची चौकशी कोण करत बसणार? ज्याच्या गल्लीत एकही भटके कुत्रे नाही अशा माणसाने त्यावर दुरून उपदेश करणे सोपे आहे, हे मला मान्य आहे.

तरीही तिकडच्या वादात एक गोष्ट मला खटकते. 22 ऑगस्टच्या आदेशाने रेबीज झालेली, रेबीजची शंका असलेली आणि आक्रमक कुत्री परत सोडण्यातून वगळली. प्राणीप्रेमी आणि त्रस्त नागरिक ‘सोडावे की डांबावे’ यावर हिरिरीने भांडले, पण शंका कोणी, कशावरून आणि किती दिवसांत निश्चित करायची, यावर फारसे कोणी बोलले नाही. डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारातून वाचलेल्या कुत्र्याचा एखादा पाय किंवा जबडा आयुष्यभर फडफडत राहू शकतो. गोचिडांमुळे होणारे आजार, डोक्याला बसलेला मार, विषबाधा यांतही कुत्रे लडखडते, चावायला धावते. या सगळ्यांना आपल्याकडे ‘पिसाळलेले’ हा एकच शब्द आहे आणि तो उच्चारला की शोध संपतो. काठी पडते, कुत्रे पुरले जाते आणि त्याला खरोखर रेबीज होता का, हे कधीच कळत नाही, कारण त्याची खात्री मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करूनच होते.

या अज्ञानाचा तोटा कुत्र्यापेक्षा माणसांना अधिक होतो. चावा बसलेल्याने जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घ्यायचीच, त्यात निदानाची वाट पाहायची नाही. पण तपासणी झाली तर त्या वस्तीत रेबीज फिरतो आहे की नाही आणि आणखी कोणाला लस हवी, हे समजते. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले आहे. तिथे सामूहिक लसीकरणासोबत संशयित कुत्र्याची खबर मिळताच पथक पोहोचते, नमुना तपासला जातो आणि 2021 मध्ये राज्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र घोषित केले. यासाठी एमआरआय लागत नाही. केंद्राच्या 2023 च्या नियमांतही संशयित कुत्र्याला न मारता वेगळे ठेवण्याची तरतूद आहे, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज झालेले कुत्रे साधारण दहा दिवसांत मरते. म्हणजे एक पिंजरा आणि दहा दिवस, हीसुद्धा एक तपासणीच आहे. निवारागृहांच्या क्षमतेवर एवढा खल झाला, त्यात प्रत्येक शहरात असे किती पिंजरे आहेत, हा प्रश्न मला कुठे वाचायला मिळाला नाही.

राणीच्या पहिल्या झटक्याला आता आठ महिने झाले. तिची वही मी ठेवली आहे. त्यात तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी काय खाल्ले, हे सारे लिहिलेले असते. दहा दिवस उलटले तेव्हाच आईच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते, पण ते तिला समजावून सांगायला मला आणखी महिना लागला. परवा तिने फोनवर विचारले, “या महिन्यात किती वेळा झालं?” मी वही उघडून आकडा सांगितला. चार.