खाण्याचं खातं

आमच्या हिशेबाच्या वहीत 'खाणं' हे खातं वर्षानुवर्षं तळाशी होतं. भाडं, वीज, फोनचा हप्ता, आणि उरलंसुरलं पोटाला. उत्पन्न वाढलं की खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 साली दाखवून दिलं. माझ्याकडे तो उत्पन्न न वाढताच घटला होता. रक्ताचा रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मी त्याच रात्री वहीत खाणं पहिल्या ओळीत आणलं. सकस आणि चांगल्या प्रतीचं! बाकीच्यांनी मागे सरकावं.

"मागे कोण सरकणार, हप्ते?" बायकोने विचारलं. मी ऐकलं नाही.

दुकानात 'बहुधान्य' बिस्किटांचा पुडा उचलला. पुढच्या बाजूला डुलणारी कणसं. खरा मजकूर पाठीवर, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात एवढं मला ठाऊक होतं. पहिला मैदा, मागोमाग साखर, आणि ज्यांच्या नावाने एवढा गाजावाजा ती धान्यं पार शेवटी, 'समस्त आप्तेष्ट' असल्यासारखी. बरं, साखरेने तरी एका नावाने यावं! डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप... उधारी बुडवणारा गल्लीगल्लीत नावं बदलतो, तशातली गत. सर्व्हिंगमागे 8 ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. हायसं वाटलं. मग दिसलं की एक सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं. दोन बिस्किटांवर थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेवर घातलेली मर्यादा 2000 कॅलरींच्या आहारात दिवसाला साधारण 50 ग्रॅम भरते, आणि त्यात मध नि फळांचा रससुद्धा धरलेला. मी तिथेच उभ्याने बोटं मोजू लागलो. मागचा माणूस खाकरला.

पुडा ठेवून दिला. (म्हणजे, टोपलीत.) प्रायश्चित्त म्हणून महागातला महाग पालेभाज्यांचा ढीग घेतला. घरी आणून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात असा लावला की दोन दिवस नुसता दार उघडून बघत होतो. तिसऱ्या दिवशी पानं मलूल झाली, पाचव्या दिवशी पिशवीत हिरवं पाणी साचलं. सहाव्या दिवशी कप्पा उघडायची कोणाची छाती होईना.

बायकोने मधल्या काळात सुटी कडधान्यं आणि हंगामातल्या स्वस्त भाज्या आणून आठवडा निभावला होता. मी जेवलोही, आणि चव घेऊन. तिने मात्र एका शब्दाने टोमणा मारला नाही, म्हणून मला जास्तच धास्ती.

महिनाअखेरीला वही उघडली. पहिल्या ओळीत माझ्या टपोऱ्या अक्षरांत 'खाणं', पुढे आकडा. खाली तिच्या बारीक अक्षरांत नवी ओळ: 'पैकी फ्रीजने खाल्लं', आणि जवळजवळ निम्मा आकडा.

बिस्किटांचा खर्च तिला त्यात सापडला नाही. सापडणार कसा? तो मी 'औषधं' या खात्यात टाकला होता.