आकर्षक व्हा, पण शास्त्राप्रमाणे

तुम्ही आकर्षक नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. कुणी तोंडावर सांगत नाही, पण वधूवरांच्या ग्रुपवर बायोडाटा टाकल्यावर जी शांतता पसरते ती पुरेशी बोलकी असते. घाबरू नका. माणसं माणसांना का आवडतात यावर मानसशास्त्रज्ञांनी भरपूर काम करून ठेवलंय. आमच्या भाच्यानं ते सगळं मोबाइलवर वाचून काढलं आणि त्याच्या जोरावर मागच्या पावसाळ्यात निपाणीकडची एक मुलगी बघितली. मामा म्हणून मी सोबत होतो. त्या अनुभवाचा लाभ तुम्हाला फुकट देतोय.

सुरुवात चेहऱ्यापासून करा. 1966 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांसाठी नाच ठेवला होता. जोड्या काँप्युटर जुळवणार असं सांगितलं, प्रत्यक्षात त्या नुसत्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या लावल्या. बुद्धी, स्वभाव, सगळं आधी मोजलं होतं. पण जोडीदाराला पुन्हा भेटावंसं वाटतं का, याचा संबंध लागला तो फक्त दिसण्याशी. म्हणजे तुम्ही अभ्यास केला नाहीत ते बरंच झालं. पुढं 1972 च्या एका अभ्यासात असं दिसलं, की देखण्या माणसाचा नुसता फोटो बघून लोक त्याला चांगला स्वभाव, चांगली नोकरी आणि सुखी संसारही देऊन टाकतात. ही माणसं आईबाप म्हणून जास्त चांगली ठरतील, असं मात्र कुणाला वाटलं नाही. लग्न ठरेपर्यंत हा मुद्दा काढू नका. भाच्यानं बेळगावच्या खडेबाजारातून शर्ट घेतला, दाढी कोरून घेतली आणि अत्तर इतकं मारलं की गाडीच्या काचा आम्ही शहापूरपासूनच खाली केल्या.

दुसरं, सतत दिसत राहा. रॉबर्ट झायंक यांनी 1968 मध्ये दाखवून दिलं, की एखादी गोष्ट पुन्हापुन्हा नजरेस पडली तर तेवढ्यानंच ती बरी वाटायला लागते. 1992 मध्ये पिट्सबर्गला चार मुलींवर याचा प्रयोग झाला. एकीला कॉलेजच्या वर्गात 15 वेळा बसवलं, दुसरीला 10, तिसरीला 5, चौथी गेलीच नाही. कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही. शेवटी वर्गाला फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आलेली ती जास्त आवडलेली. आपल्याकडे हा प्रयोग टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर रोज चालू असतो. फाटक पडतं, त्याच स्कूटर, तेच चेहरे, तोच पाऊस. महिनाभरानं समोरच्या माणसाचं नाव माहीत नसलं तरी तो एक दिवस दिसला नाही की चुकल्यासारखं होतं. भाच्यानं यातला ‘15 वेळा’ एवढाच आकडा उचलला. पिट्सबर्गच्या मुली गप्प बसून वर्गातून निघून जात, कुणाच्या दारात घुटमळत नसत, ही बारीक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली. त्यानं मुलीला 15 मेसेज पाठवले. तिसऱ्यानंतरचे अजून वाचले गेले नाहीत.

आता धडधडीचं शास्त्र. हे माझ्या विशेष आवडीचं, कारण यात मूर्खपणाला वाव मोठा आहे. कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे, 450 फूट लांब आणि दरीपासून 230 फूट उंच. 1974 साली डटन आणि एरन या दोघांनी तिथं एक तरुणी उभी केली. ती पुलावरच्या पुरुषांना काही प्रश्न विचारायची आणि शेवटी आपला फोन नंबर द्यायची. डुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या 18 जणांपैकी 9 जणांनी फोन केला, जवळच्या भक्कम ठेंगण्या पुलावरच्या 16 पैकी फक्त 2 जणांनी. निष्कर्ष असा, की भीतीनं छाती धडधडते आणि माणूस ते खातं समोरच्या बाईच्या नावावर टाकतो.

हे वाचल्यावर भाच्यानं मागणी केली, की मुलगी बघायचा कार्यक्रम गोकाकला, धबधब्याजवळच्या झुलत्या पुलावर ठेवावा. आमची ताई म्हणाली, “पुलावर पोहे कोण घेऊन येणार रे? तुझा बा?” मग मधला मार्ग निघाला. मित्र गाडी चालवणार होता, त्याला तवंदी घाटात गाडी जोरात मारायला सांगितली. मित्र गरीब माणूस, चाळीसच्या वर गेला नाही. पण भाच्याला मुळात घाटाचीच भीती, त्यामुळं छाती त्याची धडधडली. मुलीकडची मंडळी घरात निवांत बसून होती. म्हणजे शास्त्रानुसार प्रेमात पडणार तो भाचाच. पडलाही.

चौथा प्रयोग सांडण्याचा. एलियट अ‍ॅरनसन यांनी 1966 मध्ये लोकांना एका स्पर्धकाची टेप ऐकवली. त्यानं अवघड प्रश्नांची 92 टक्के उत्तरं बरोबर दिली आणि नंतर धांदरटपणे अंगावर कॉफी सांडून घेतली. तो ऐकणाऱ्यांना न सांडणाऱ्यापेक्षा जास्त आवडला. हुशार माणूसही आपल्यासारखाच गोंधळतो म्हटल्यावर बरं वाटतं. ज्याची 30 टक्केच बरोबर होती, त्यानं सांडली तर तो आणखी नावडता झाला. भाच्यानं पहिला अर्धा भाग वाचला असावा. डिप्लोमा कधी पुरा झाला, या प्रश्नावर त्यानं छताकडं बघितलं, पगाराच्या प्रश्नावर भिंतीकडं, आणि मग आत्मविश्वासानं कप कलंडला. चहा शास्त्राला धरून स्वतःच्या शर्टावर यायचा होता. तो मुलीच्या वडिलांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर गेला.

पाचवं, मतं जुळवा. डॉन बर्न नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1961 पासून दाखवलं, की समोरच्याची मतं आपल्याशी जितकी जुळतात तितका तो आवडतो. नुसता भरलेला फॉर्म दाखवला तरी पुरे, माणूस प्रत्यक्ष दिसायची गरज नाही. आता सीमाभागात मत जुळवणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. वडील म्हणाले, निपाणी-बेळगाव महाराष्ट्रात गेलंच पाहिजे, आम्ही दर 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. भाचा म्हणाला, “गेलंच पाहिजे.” मुलीचे काका कर्नाटक सरकारच्या नोकरीत. ते म्हणाले, आता पुरे झालं की, पोरं कन्नड शिकून नोकरीला लागू देत. भाचा म्हणाला, “लागू देत की!” दोघांनी एकमेकांकडं बघितलं, मग दोघांनी मिळून भाच्याकडं. त्या घरात त्या प्रश्नावर झालेलं ते बहुधा पहिलं एकमत.

या गडबडीत गाडीवाल्या मित्राकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तो दाराशी, आजीच्या खाटेजवळ टेकला होता. आजीचं माहेर गोकाककडचं. त्यानं सहज कन्नडमध्ये विचारलं, “ऊटा आतेन्री, आजी?” आजीचा चेहरा उजळला. जेवण झालं होतं. मग कशाची भाजी, मग दात नाहीत तर भाकरी कशी खाता, मग शेतात यंदा तंबाखू लावला काय, मग विहिरीला पाणी किती. प्रत्येक उत्तरातून त्याचा पुढचा प्रश्न निघत होता. (2017 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी पहिल्या भेटींच्या गप्पा तपासल्या, तेव्हा असे मागचा धागा धरून पुढचे प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीचा होकार जास्त मिळालेला दिसला. मित्राला हार्वर्ड माहीत नाही. त्याचं वडगावात मागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे.) तासाभरात त्यानं स्वतःबद्दल एक वाक्य बोललेलं मला आठवत नाही. निघताना आजीनं त्याच्या हातात शेंगांची पिशवी दिली. भाच्याला नॅपकिन.

चार दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. मुलाबद्दल काही बोलले नाहीत, ते मी समजून घेतलं. म्हणाले, “पाव्हणं, तुमच्याबरोबर तो गाडीवाला पोरगा आलता बघा. त्याचं लगीन झालंय काय?”

झालंय, दोन पोरं आहेत, असं मी सांगितलं. पलीकडं थोडी कुजबुज झाली. मग आजीच फोनवर आल्या. “आसू दे की. त्याला एकदा लावून द्या हिकडं. मोटर जळल्याली त्याला सांगायलो आणि तुम्ही मधीच उठलासा.”