कॉलेजातली लशीची अट ‘बेकायदा’ होती म्हणे

आमच्या भागात एखादा तरणा पोरगा अचानक गेला की दोन दिवसांत हा मेसेज गावच्या ग्रुपवर येतोच. परवा पुन्हा आला. मजकूर थोडक्यात असा : कॉलेजांनी दोन डोसची अट घातली ती बेकायदा होती, सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलं. जवान पोरांना कोरोनाने काही होत नव्हतं. लस घेऊनही कोरोना झालाच. टेस्टच्या नावाखाली लूट झाली. जगात कुठेच विद्यार्थ्यांवर अशी सक्ती नव्हती. आणि आज पोरं हार्ट अटॅकने जातात ती त्या लशीमुळेच. खाली हात जोडलेले, ‘जास्तीत जास्त पुढे पाठवा’.

२०२१ च्या ऑक्टोबरात मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजच्या गेटवर टेबल टाकून बसलो होतो. काम ग्रंथपालाचं, पण त्या दिवसांत हातात रजिस्टर आणि सॅनिटायझरची बाटली. तेव्हा या मेसेजशी माझं थोडं जुनं भांडण आहे.

आधी कोर्टाचं घेऊ. राज्यातली कॉलेजं २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली, दोन्ही डोस झालेल्यांसाठी. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २ मे २०२२ ला. त्यात कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, आपल्या शरीरावर आपला हक्क आहे, हे स्पष्ट म्हटलंय. मेसेजवाले इथेच वाचन थांबवतात. त्याच निकालात पुढे असंही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं. मात्र रुग्ण कमी झालेत, आणि लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा जास्त रोग पसरवतो असं दाखवणारी माहिती सरकारांनी समोर ठेवली नाही, म्हणून तूर्त अशी बंधनं नकोत; शिक्षणसंस्थांनीही आपापल्या अटी पुन्हा तपासाव्यात. हे त्या वेळच्या परिस्थितीपुरतं बोलणं होतं. सहा महिन्यांपूर्वीची अट बेकायदा होती, असं त्यात कुठे आहे ते मला कोणी दाखवावं.

‘जवान पोरांना काही होत नव्हतं.’ बहुतेकांना नव्हतं, खरं आहे. पण आमचे बहुतेक विद्यार्थी कॅम्पसवर राहत नाहीत. सकाळी एसटीने येतात, संध्याकाळी एसटीनेच जातात, आणि रात्री ज्या खोलीत आजी खोकत असते त्याच खोलीत झोपतात. २०२१ च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला तेव्हा बाकी राज्याला दुसरी लाट अजून दिसतही नव्हती. आम्हाला ती आधी दिसली. एप्रिलमध्ये एका बेडसाठी फोन फिरवलेला माणूस हे वाक्य पुढे पाठवणार नाही.

लस घेऊनही कोरोना झाला, हेही खरं. मलाही झाला, दोन डोसनंतर, २०२२ च्या जानेवारीत. चार दिवस ताप, घरीच. माझ्या एकट्याच्या तापावरून काही सिद्ध होत नाही. पण लशीचं मुख्य काम ऑक्सिजनपर्यंत वेळ येऊ न देणं हे होतं, आणि ते काम तिने केलं. ओमायक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराने संसर्ग रोखण्याचा भाग बराच पोकळ केला. अट घातली गेली तेव्हा मात्र ओमायक्रॉन यायचा होता.

हार्ट अटॅकवर जरा सावकाश बोलायला हवं, कारण त्यामागे कोणाचं तरी पोरगं असतं. आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. देशभरातली ४७ रुग्णालयं, ७२९ मृत्यू, आणि तुलनेला त्याच वयाची, त्याच भागातली २,९१६ माणसं. लशीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला. धोका वाढलेला दिसला तो कोरोनाने दवाखान्यात भरती झालेल्यांत, घरात आधी असा मृत्यू झालेल्यांत, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत, नशापाणी करणाऱ्यांत आणि अतिकष्टाचा व्यायाम केलेल्यांत. लशीचे दुष्परिणाम नव्हतेच असं नाही. कोविशील्डने फार विरळा रक्ताच्या गुठळ्या होत, आणि तरुण मुलांत हृदयाच्या स्नायूला सूज आल्याची प्रकरणं बाहेरदेशी फायझर-मॉडर्नाच्या लशींत दिसली. त्या आमच्या उपकेंद्रात कधी आल्याच नाहीत.

‘जगात कुठेच नाही’ याला एक उदाहरण पुरे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाने लस सक्तीची केली, आठ विद्यार्थी कोर्टात गेले आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये अपील कोर्टात हरले. तिथे धर्माच्या किंवा प्रकृतीच्या कारणाने सूट होती; सूट घेणाऱ्याने मास्क लावायचा आणि ठरावीक दिवसांनी टेस्ट करायची.

टेस्टमध्ये लूट? सरकारी टेस्ट फुकट होती, आणि खासगी लॅबचा दर राज्याने ३१ मार्च २०२१ ला ५०० वर आणला होता. लुटलं ते वेळेने. आमच्या हॉस्टेलला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर लागायचा. ग्रामीण रुग्णालयात घेतलेला स्वॅब जिल्ह्याला जायचा आणि रिपोर्ट कधी कधी तिसऱ्या दिवशी यायचा, म्हणजे हाती पडेपर्यंत शिळा. नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने मिठाच्या पाण्याची गुळणी करून नमुना द्यायची सोपी पद्धत काढली होती, आयसीएमआरने मेमध्ये ती मान्यही केली होती. आमच्याकडे मात्र शेवटपर्यंत नाकात काडीच.

आणि इथेच या मेसेजचा मला खरा राग येतो. खरी तक्रार होती, तिचं त्यात नावही नाही. १८ वर्षांवरच्यांना लस १ मेपासून, हे कागदावर. महाराष्ट्रात पुरवठाच नव्हता म्हणून त्यांचं लसीकरण मेमध्येच थांबलं. जे स्लॉट उघडायचे ते शहरातले लोक मोबाइलवर पटकन बुक करून गाडीने आमच्या केंद्रावर यायचे. आमच्या गावात पोरांचा नंबर लागला तो जुलै-ऑगस्टमध्ये. कोविशील्डच्या दोन डोसमध्ये किमान ८४ दिवस हवेत. मोजून बघा : २८ जुलैनंतर पहिला डोस घेतलेल्याचे दोन डोस २० ऑक्टोबरला होणं शक्यच नव्हतं. त्यात एका वायलमध्ये दहा डोस, फोडली की चार तासांत संपवायची; सिस्टर दहा माणसं जमेपर्यंत थांबायची, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत दहा माणसं जमणार कुठून?

गेटवर एक पोरगी म्हणाली, “सर, पयला डोस झाला न माह्या. दुसऱ्याची तारीखच नाई आली, त मी काय करू?” मी म्हटलं, ऑनलाइन बस. घरात एकच फोन, तो बापासोबत वावरात. रजिस्टरच्या पहिल्याच पानावर अशी एकतीस नावं होती, शेरा एकच : ‘डोस अपूर्ण, परत पाठविले’. अक्षर माझंच आहे. पहिला डोस झालेल्यांना तारखेपर्यंत बसू द्यायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटत होतं, बोललो नाही.

२५ ऑक्टोबरपासून कॉलेजांत ‘मिशन युवा स्वास्थ्य’ची लसीकरण शिबिरं झाली. पण जिची तारीखच आली नाही तिला शिबिरात कोण टोचणार? तिचा दुसरा डोस नोव्हेंबरात झाला. तोवर एसटीचा संप पेटला होता, आणि काळीपिवळीचं रोजचं भाडं तिच्या घरी परवडणारं नव्हतं. मार्चमध्ये परीक्षेचा फॉर्म भरायला आली तेव्हा सर्टिफिकेटची झेरॉक्स तिच्या पर्समध्ये होती, घडीवर फाटलेली. तिने ती काढून टेबलावर ठेवली. तोपर्यंत गेटवर कोणी काही मागत नव्हतं.